रात्री दोन वाजता कोणाला उठावं लागतं?

पत्र थोडक्यात असं: कॅनडातल्या टोरांटोशेजारच्या मिसिसागाहून एका मैत्रिणीने लिहिलंय. सासू-सासरे (वय ६८ आणि ७३) मे महिन्यात साताऱ्याहून येतायत, ऑक्टोबरपर्यंत राहणार. घरात ४ आणि ९ वर्षांची दोन मुलं. नणंद तिकडच्याच किचनर शहरात, तिचे चौघं धरून एकूण दहा माणसं. जुलैच्या सुरुवातीला सगळ्यांनी मिळून अल्गॉन्क्विन पार्कला (टोरांटोच्या उत्तरेचं मोठं जंगल) तीन रात्री कॅम्पिंगला जायचं असं ठरलंय, पण कुठल्या कॅम्पग्राउंडला यावर घरात महिनाभर वाद चाललेत. नवऱ्याला कून लेक हवंय, लाइट नाही, गर्दी नाही, अगदी पाण्याकाठची साइट (म्हणजे तंबू ठोकायची जागा), त्याच्या मते तेच "खरं कॅम्पिंग". नणंदेला टू रिव्हर्स हवंय कारण तिथे दुकान आहे, बीच आहे. आणि हिला स्वतःला वाटतंय की सासूबाईंचे गुडघे दुखतात, रात्री उठावं लागतं, त्यांना जमिनीवर झोपवणं बरोबर नाही, मस्कोकात सरळ एक कॉटेज भाड्याने घ्यावं. ते बोलल्यावर नवरा म्हणाला "तुला मजाच करायची नसते". शेवटी तिने लिहिलंय, "सासरे दरवर्षी वारीला जातात, पण ते वेगळं. ताई, तुम्हीच सांगा, कुठलं कॅम्पग्राउंड घेऊ?"

तू मला ताई म्हटलंस म्हणून मीही अगं-तुगंच करते, चालेल ना?

कॅम्पग्राउंडचं नाव सांगते मी, पळून जाणार नाही, पण आधी तुझ्या पत्रातल्या एका वाक्यावर थांबू दे. "सासरे दरवर्षी वारीला जातात, पण ते वेगळं." अगं काय वेगळं? आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, अठरा-वीस दिवस, तेही ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, रोज संध्याकाळी दिंडीचा ट्रक पुढे जाऊन जिथे जागा मिळेल तिथे राहुट्या ठोकणार, कधी माळावर कधी ओल्या शेतात, एका तंबूत वीस-पंचवीस माणसं, पहाटे अंधारात अंघोळ टँकरच्या पाण्याने. जो माणूस सत्तरी ओलांडून हे करतो त्याला तंबूत झोप लागेल का याची काळजी आपण कॅनडात बसून करतोय! माझ्या मते तुमच्या दहा जणांत कॅम्पिंगचा सगळ्यात जास्त अनुभव सासऱ्यांना आहे आणि वाद घालणाऱ्या तिघांपैकी एकानेही त्यांना फोन करून विचारलेलं नाही. पत्रात कुठे तसं दिसलं तरी नाही. तर पहिलं काम हे, आज-उद्याच फोन करायचा, आणि "तुम्हाला जमेल का" असं नाही विचारायचं, त्यावर ते काय म्हणणार, "जमेल की, आमचं काय". विचारायचं, "दिंडीत तुम्ही झोपायची सोय कशी करता? आईंना रात्री किती वेळा उठावं लागतं? खाली बसून उठता येतं का?" असे साधे प्रश्न विचारलेस की साधी उत्तरं मिळतात.

सासूबाईंचं मात्र तू बरोबर ओळखलंयस. गुडघे दुखणाऱ्या बाईसाठी कॅम्पिंगमधली सगळ्यात अवघड गोष्ट जमिनीवर झोपणं नाहीये, रात्री दोन वाजता तंबूच्या चेनमधून वाकून बाहेर पडणं, अंधारात मुळं आणि दगड चुकवत संडासापर्यंत जाणं आणि परत येणं ही आहे. म्हणून माझा एकच नियम आहे, आणि तो म्हाताऱ्या माणसांइतकाच लहान मुलांच्या आयांनाही लागू आहे, नुकतंच ऑपरेशन झालेल्यांना, गरोदर बायकांना, सगळ्यांना: रात्री दोन वाजता कोणाला उठावं लागतं ते आधी ठरवा आणि त्या माणसाच्या पायाने साइट मोजा. दिवसा सगळ्याच साइट छान असतात हो.

आता तुझ्या नवऱ्याचं कून लेक घे. जागा खरंच सुंदर आहे, पार्कमधून जाणाऱ्या हायवे ६० पासून आत, ट्रकचा आवाज नाही, छोटंसं तळं. पण लाइट नाही, शॉवर नाही, फ्लशचा संडास नाही, खड्ड्यावरचा व्हॉल्ट टॉयलेट. त्याला बसायला सीट असते म्हणजे गुडघ्यांना तसा प्रॉब्लेम नाही, पण आत लाइट नसतो आणि उन्हाळ्यात वास असतो, माशा असतात. अंघोळीला गाडी काढून शेजारच्या रॉक लेकला जायचं. दोन तरुण माणसं किंवा मित्रमंडळी असती तर मी डोळे झाकून कूनच म्हटलं असतं. पण तुमच्यात एक चार वर्षांचं पोर आहे, आणि "अगदी पाण्याकाठची साइट" हे वाक्य वाचून मला तर धडकीच भरली. साइटच्या मागच्या बाजूला पाणी म्हणजे तीन दिवस कोणीतरी एकाने फक्त त्या पोराकडे बघत बसायचं, आणि ते कोणीतरी कोण असणार हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीय. ऑन्टॅरिओ पार्क्सच्या बीचवर लाइफगार्ड नसतो, हे खूप जणांना माहीतच नसतं. बऱ्याच पार्कमध्ये लाइफ जॅकेट उसनं मिळतं, पण लहान मापाचं आपलं आपण घेऊन गेलेलं बरं.

आणि पाण्याकाठचा अजून एक धडा मी स्वतः शिकलेय. आमच्या पहिल्या ट्रिपला (कुठे ते सोडा) मी फोटो बघून सगळ्यात देखणी साइट घेतली होती, तळ्याकडे उतरत गेलेली. सपाट जागा एकच, ती खालच्या टोकाला. रात्री पाऊस आला आणि वरच्या तीन साइटचं पाणी आमच्या तंबूतून तळ्याला भेटायला गेलं. पहाटे चार वाजता मी, नवरा आणि मुलगी गाडीत, खिडक्या धुक्याने बंद, आणि नवरा म्हणतो, "व्ह्यू छान आहे पण." तेव्हापासून मी साइटचा फोटो नंतर बघते, उतार आधी. बुकिंगच्या वेबसाइटवर प्रत्येक साइटपुढे उतार, सावली, प्रायव्हसी, आजूबाजूला काय आहे हे लिहिलेलं असतं, लोक ते वाचतच नाहीत, सरळ नकाशात निळ्या रंगाला चिकटलेला नंबर दाबतात.

नणंदेचं टू रिव्हर्स. गर्दी आहे, हे खरं. दोनशेच्या वर साइट आहेत, दुकान आहे, सायकली भाड्याने मिळतात, मोठा वाळूचा बीच आहे. जुलैत शनिवारी संध्याकाळी तिथे जंगलात आल्यासारखं कमी आणि जत्रेत आल्यासारखं जास्त वाटतं, आणि हायवेकडच्या साइटवर ट्रक ऐकू येतात. पण तुझी नणंद काही चुकीचं मागत नाहीये, मुलांना पाण्यात खेळायला उथळ जागा आणि दूध संपलं तर दुकान हवंय तिला. फक्त त्यासाठी टू रिव्हर्समध्येच झोपायला पाहिजे असं नाही! सगळे हे विसरतात. हायवे ६० पार्कमधून ५६ किलोमीटर जातो आणि बहुतेक कॅम्पग्राउंड त्या एकाच रस्त्यावर मण्यांसारखे ओवलेत, कॅनिसबे २३ व्या किलोमीटरला, म्यू लेक ३० च्या पुढे, टू रिव्हर्स ३१ च्या पुढे, पॉग आणि कीअर्नी ३६ च्या पुढे, रॉक आणि कूनचा फाटा ४० ला. एका ठिकाणी झोपायचं, दुसऱ्या ठिकाणी पोहायचं, तिसऱ्या ठिकाणी चालायचं. तुमच्या वादातला अर्धा भाग इथेच संपतो खरं तर.

आता तुझं कॉटेज. तुला वाटतंय ते सेफ. असेलही. पण मला पत्र दोनदा वाचून असं वाटलं (चुकत असेन तर सांग) की तुला कॉटेज सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी जितकं हवंय तितकंच तुझ्या स्वतःसाठीही हवंय. दहा माणसांचा स्वयंपाक तीन दिवस एका दोन शेगड्यांच्या स्टोव्हवर कोण करणार हे पत्रात कुठेच लिहिलेलं नाही, आणि ज्या अर्थी लिहिलेलं नाही त्या अर्थी ते सगळ्यांनी गृहीत धरलंय. बाई गं, कॉटेजला गेलीस तर शेगड्या चार असतील, बाकी काही बदलणार नाही. नवऱ्याला "मला जंगल आवडत नाही" असं ऐकू जातंय, तुला म्हणायचंय "मला तिथेही स्वयंपाकघरातच राहायचं नाही". तर ते तसंच म्हण. दिंडीत सुद्धा स्वयंपाकाची पाळी ठरलेली असते, सासऱ्यांनाच विचार. एक दिवस तुमचं घर, एक दिवस नणंदेचं, एक दिवस पुरुषांचा, आणि पुरुषांच्या दिवशी मॅगी झाली तर मॅगी खायची, तोंड वाकडं करायचं नाही. घरून थालीपिठाची भाजणी, मेतकूट, धपाटे, कोरडी चटणी न्यायची आणि पहिल्या रात्रीची भाजी फ्रीझ करून न्यायची, कूलरमध्ये तिचाच बर्फ होतो.

बरं, आता नाव. मी तुमच्या जागी असते तर म्यू लेक बघितलं असतं, आणि ते नाही मिळालं तर पॉग लेकच्या लाइटवाल्या साइट. म्यू लेकला यर्ट आहेत, पक्क्या जमिनीचा तंबू समज, आत बंक बेड, हीटर, सहा जण झोपतात, उभं राहून चालता येतं आणि दाराने आत-बाहेर करता येतं, चेन उघडायला वाकायला नको. संडास आत नसतो, कम्फर्ट स्टेशनला (संडास-शॉवरची सगळ्यांची मिळून इमारत) जावं लागतं. यर्ट कमी आहेत आणि लोक टपून बसलेले असतात, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नकोस, मिळालं तर सासू-सासरे आणि नातवंडं त्यात, बाकीचे शेजारी तंबूत. नाही मिळालं तर लाइटवाल्या दोन लागून साइट घ्या (एका साइटला सहा माणसांची मर्यादा धरून चाल, दहा जण एका साइटवर बसवायचा विचार पण करू नका, आणि दुसऱ्या गाडीचे पैसे वेगळे पडतात). म्यू लेकच्या पाठीमागून जुन्या रेल्वेची वाट जाते, १८९० च्या दशकात लाकूड वाहायला टाकलेली लाइन होती, आता रूळ काढून सायकल ट्रेल केलाय, सोळा किलोमीटर, आणि रेल्वेची वाट असल्यामुळे चढ जवळजवळ नाहीच. सासरे सकाळी उठून तिथे चालायला गेले की दोन तास परत यायचे नाहीत बघ. सासूबाईंसाठी ४२ व्या किलोमीटरला स्प्रूस बॉगचा लाकडी फळ्यांचा रस्ता आहे, दीड किलोमीटर, हळूहळू चालत होतो.

साइट नंबर निवडताना कम्फर्ट स्टेशनच्या अगदी दारात नको हं, रात्रभर लाइट, दार आपटतं, लोक बोलत जातात. पन्नास-शंभर पावलांवर, सरळ रस्त्याने, मध्ये शॉर्टकटची पायवाट नको. नकाशावर मोजता येतं.

लाइट हवा की नको यावर तुझा नवरा नाक मुरडणार. त्याला सांग, लाइट टीव्हीसाठी नाहीये, उबेसाठी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सुद्धा तिथे पहाटे दहा-बारा डिग्रीपर्यंत खाली जातं, कधी त्याहून कमी. ज्यांच्या घरी कोणाला झोपताना श्वासाचं मशीन लागतं त्यांनी तर लाइटशिवाय बुकिंगच करू नये. बाकीच्यांनी, विशेषतः आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी, फोल्डिंगची खाट न्या, पण खाटेवर थंडी खालून लागते हे लक्षात ठेवा, वर दोन ब्लँकेट टाकून उपयोग नाही, खाली गोधडी पाहिजे. आपली गोधडी यात कुठल्याही महागड्या मॅटला हरवते. सासूबाईंना येताना एक आणायला सांग, त्यांना आनंदच होईल.

तारखांबद्दल मात्र मी तिघांशीही भांडणार आहे. जुलैची सुरुवात का? मुलांना सुट्टी लागते म्हणून, एवढंच ना? मेच्या मध्यापासून जून संपेपर्यंत ब्लॅकफ्लाय असतात, आपल्या चिलटांएवढ्या पण चावा घेऊन रक्त काढतात, त्या संपतायत तोवर डास जोरात असतात, जुलैत ते आहेतच. ऑगस्टच्या मध्यानंतर हे सगळं बरंच कमी होतं, पाणीही पोहण्याइतकं कोमट झालेलं असतं. शिवाय बुकिंग पाच महिने आधी सकाळी सात वाजता उघडतं, म्हणजे जुलैच्या सुरुवातीचं फेब्रुवारीतच उघडून गेलं, चांगल्या साइट आता कुठल्या राहिल्यात. ऑगस्ट मध्याचं याच महिन्यात, मार्चमध्ये, उघडेल. दोघांनी दोन लॅपटॉप घेऊन सातला पाच मिनिटं कमी असताना बसायचं, आधी पाच-सहा साइट नंबर लिहून ठेवायचे, एकाच नंबरवर जीव टांगायचा नाही. हुकलं तर निराश होऊ नका, लोक खूप कॅन्सल करतात, रोज चहा पिताना एकदा बघायचं. आणि शक्य असेल तर मंगळवार ते शुक्रवार जा, रजा टाका, शुक्रवारी संध्याकाळी हायवे ४०० वर जो काही प्रकार असतो त्यात तीन तासांचे पाच होतात.

मंगळवार ते शुक्रवारचं अजून एक कारण आहे. ऑगस्टमधल्या गुरुवारी तिथे लांडग्यांना हाक मारायचा कार्यक्रम असतो, १९६३ पासून चाललाय, पण लांडग्यांचा कळप रस्त्याजवळ सापडला असेल तरच, म्हणजे होईलच असं नाही, त्याच आठवड्यात कळतं. झाला तर शेकडो गाड्या अंधारात हायवेच्या कडेला ओळीने उभ्या राहतात, सगळे गप्प, पार्कची माणसं तोंडाने कोल्हेकुई सारखं ओरडतात आणि मग वाट बघायची. कधी लांबून उत्तर येतं. म्हाताऱ्या माणसांना चालावं लागत नाही, गाडीला टेकून उभं राहायचं. तुझ्या सासूबाई हे साताऱ्यात दहा वर्षं सांगतील.

अस्वलाचं थोडक्यात, कारण ही भीती प्रत्येक आई-वडिलांना असते. काळी अस्वलं आहेत, पण ती तुम्हाला शोधत नाहीत, तुमचा डबा शोधतात. झोपताना आणि साइट सोडून जाताना खाण्याचं सगळं गाडीत, काचा बंद. सगळं म्हणजे तेल, तूप, हिंगाची डबी, खरकटी भांडी, टूथपेस्ट, आणि सासूबाईंची उदबत्ती सुद्धा. तंबूत उशाशी लाडवाचा डबा अजिबात नाही, मुलांच्या खिशातलं चॉकलेट पण तपासायचं. सामान उघड्यावर टाकून गेलात तर दंड होऊ शकतो. लाकडं घरून नेऊ नका, त्यातून झाडांना खाणारे किडे एका जंगलातून दुसऱ्यात जातात, तिथेच विकत घ्यायची. आणि आग लावायला कधी कधी बंदी असते त्यामुळे शेकोटीवर स्वयंपाक करू असं मनात धरून जाऊ नका, गॅसचा स्टोव्ह पाहिजेच. मोबाईलला रेंज कुठे येते कुठे नाही, औषधांची यादी कागदावर लिहून गाडीत ठेव, मोठं हॉस्पिटल हंट्सव्हिल गावात, पार्कच्या वेस्ट गेटपासून चाळीसेक किलोमीटर. संध्याकाळ झाल्यावर त्या रस्त्यावर गाडी हळू, मूस (घोड्याएवढं मोठं हरीण) रस्त्यावर येतात आणि गडद रंगाचे असल्यामुळे शेवटपर्यंत दिसत नाहीत. म्हणूनच "आई-बाबा रात्री हंट्सव्हिलच्या मोटेलात, आपण कॅम्पवर" ही आयडिया कोणी काढली तर मला ती फारशी पटत नाही, रोज रात्री अंधारात जाणं-येणं तुमच्याच मागे लागेल, आणि त्या दोघांना मोटेलच्या खोलीत बसायला कॅनडात बोलावलंय का आपण.

नवऱ्याच्या "खऱ्या कॅम्पिंग"चं पण काहीतरी करायला हवं, नाहीतर तो तीन दिवस सुस्कारे टाकेल. कॅनिसबेला काही साइट अशा आहेत की जिथे फक्त कनूने, म्हणजे छोट्या होडीने, वल्हवत जाता येतं. त्याला आणि नणंदेच्या मिस्टरांना, झालंच तर नऊ वर्षांच्या पोरालाही, एक रात्र तिकडे पाठव. तो दिवस पुरुषांच्या पाळीचा नाही हे बघ म्हणजे झालं.

आणि जून महिन्यात, सगळ्यांच्या आधी, एक रात्र ब्रॉन्टे क्रीकला जाऊन या. ओकव्हिलला आहे, तुमच्यापासून अर्ध्या तासावर, तळं-बिळं काही नाही, अल्गॉन्क्विनची सर नाही, पण सासूबाईंना खाटेवरून उठता येतं का, तंबू किती वेळात लागतो, कोण घोरतं हे सगळं तिथे कळतं, आणि नाहीच जमलं तर रात्री अकराला सामान गाडीत टाकून घरी येऊन झोपता येतं. एवढं करून सासूबाई म्हणाल्या की नको बाई, तर मग तुझं कॉटेज घ्या, मी तुझ्या बाजूने बोलेन. पण ते त्यांनी म्हणायचं, तू त्यांच्या वतीने नाही.

अल्गॉन्क्विन मिळालंच नाही तर हंट्सव्हिलजवळचं ॲरोहेड बघ, छोटं आहे आणि गाव जवळ. पूर्वेला बॉन इको आहे, तिथे तळ्यातून सरळ शंभर मीटर उभा कडा वर येतो आणि त्याच्यावर पाण्याच्या पातळीजवळ इथल्या मूळ लोकांनी काढलेली अडीचशेच्या वर लाल चित्रं आहेत, बोटीत बसून बघता येतात, म्हणजे परत गुडघ्यांचा प्रश्न नाही.

फोन केलास की सासरे काय म्हणाले ते मला कळव. आणि दिंडीत राहुटी कुठे ठोकायची हे कोण ठरवतं, जागा बघताना ते आधी काय बघतात, तेही विचार त्यांना, मला खरंच माहीत नाहीये.